जुन्या परीक्षणांची साक्ष

विद्यार्थिमित्रहो, साक्ष दोन प्रकारची असते. गोष्टीचा शेवट ठाऊक झाल्यावर दिलेली एक, व शेवट ठाऊक नसतांना त्याच वेळीं दिलेली दुसरी. इतिहास लिहिणारा या दुसऱ्या साक्षीस अधिक मान देतो. कारण पुढें काय झालें हें ज्यास कळलेलें आहे, त्याच्या स्मरणांत मागाहूनच्या गोष्टी नकळत मिसळतात. राजकारणाच्या इतिहासांत पत्रें, रोजनिशा व खलिते यांस जें स्थान आहे, तेंच यंत्रांच्या इतिहासांत जुन्या मासिकांतील परीक्षणांस आहे. अमेरिकेंतील जुन्या उंची मोटारगाड्यांचे शौकीन हीं परीक्षणें आज पुन्हा काढून कां वाचतात, कशीं वाचतात, आणि त्यांच्या वाचण्याच्या रीतींत आपणां सर्वांस घेण्यासारखें काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

अमेरिकेंत जुन्या मोटारींची जोपासना करणारे संघ पुष्कळ आहेत. ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था १९३५ सालीं, व ‘क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका’ ही १९५२ सालीं स्थापन झाली. डेट्रॉइट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयांत मोटारींच्या इतिहासाचा स्वतंत्र संग्रह आहे. इंग्लंडांतील ‘ब्रुकलंड्स बुक्स’ या प्रकाशनसंस्थेनें तर एकेका गाडीवरील निरनिराळ्या मासिकांतील परीक्षणें एकत्र करून त्यांचे ग्रंथच छापले आहेत. जुनी गाडी मूळ स्वरूपांत आणूं पाहणाऱ्यास ती नवी असतांना किती आवाज करीत असे, किती पेट्रोल पीत असे, वळणावर किती कलत असे, हें या पानांवरून कळतें. हा झाला व्यवहाराचा उपयोग. परंतु जे विचारपूर्वक वाचतात त्यांस गाडीपेक्षांही परीक्षकाची पारख अधिक होते, आणि खरें शिक्षण तेथेंच आहे.

प्रथम जाहिरात व परीक्षण यांतील भेद समजून घेऊं. त्यासाठीं कॅडिलॅक कंपनीचे दोन प्रसंग पुरेसे आहेत. ही कंपनी १९०२ सालीं डेट्रॉइट येथें निघाली. १९०८ सालीं लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं तिच्या तीन गाड्या पूर्णपणें खोलण्यांत आल्या. सुट्या भागांची सरमिसळ करण्यांत आली. कांहीं भाग बाजूस काढून त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या साठ्यांतील नवे भाग घालण्यांत आले. आणि त्या ढिगांतून पुन्हा तीन गाड्या जुळवून त्या ब्रुकलंड्सच्या धांवपट्टीवर ५०० मैल चालविण्यांत आल्या. एका गाडीचा भाग दुसरीस बिनचूक बसतो, हें त्यावरून सिद्ध झालें, व कंपनीस ड्युअर चषक मिळाला. दुसरा प्रसंग १९१५ सालचा. त्या वर्षीं २ जानेवारीस ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकांत याच कंपनीची एक जाहिरात आली. ती थिओडोर मॅकमॅनस यानें लिहिली होती. जो पुढें जातो त्याच्या वांट्यास लोकांची टीका व मत्सर येतो, असा तिचा आशय होता. मोटारीच्या गुणांविषयीं तिच्या मजकुरांत एक अक्षरही नव्हतें. जाहिरातविद्येचे अभ्यासक तिला आजही उत्तम नमुना मानतात. पण या दोहोंत एक मोठें अंतर आहे. एखादा भाग बसला नसता, तर कसोटी सर्वांच्या देखत फसली असती. जाहिरातींत मात्र खोटें ठरवितां येईल असें एकही विधान नव्हतें. ज्या विधानांत उद्यां चूक निघूं शकेल तें नांवानिशीं छापण्याची जोखीम परीक्षक पत्करतो, आणि म्हणूनच त्याच्या शब्दास किंमत येते.

नियतकालिकांतून गाड्यांचें पद्धतशीर परीक्षण देण्याची चाल ब्रिटनमधील ‘ऑटोकार’ या साप्ताहिकानें १९२८ पासून पाडली. अमेरिकेंत ती दुसऱ्या महायुद्धानंतर बळावली. युद्धामुळें तेथें फेब्रुवारी १९४२ पासून खासगी मोटारी तयार होणें बंद पडलें होतें. १९४५ मध्यें कारखाने पुन्हा सुरू झाले, तेव्हां गिऱ्हाइकें इतकीं आतुर होतीं कीं जी गाडी मिळेल ती घ्यावयास तीं सिद्ध असत. अशा वेळीं, १९४६ सालीं, टॉम मकॅहिल हा लेखक ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकांत गाड्या स्वतः चालवून त्यांविषयीं रोखठोक मत देऊं लागला. त्याच्या चमत्कारिक उपमांनीं लोक हंसत. परंतु कंपन्यांच्या दोषांवर बोट ठेवावयास तो कचरत नसे. थांबलेली गाडी किती सेकंदांत ताशीं ६० मैलांचा वेग घेते, हें माप सामान्य वाचकांच्या तोंडीं बसविण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं त्यास देण्यांत येतें. १९४७ मध्यें ‘रोड अँड ट्रॅक’ व सप्टेंबर १९४९ मध्यें ‘मोटर ट्रेंड’ हीं मासिकें निघालीं. ‘मोटर ट्रेंड’नें वर्षांतील उत्कृष्ट गाडीचा आपला पहिला मान १९४९ च्या कॅडिलॅकला दिला. त्या वर्षीं कॅडिलॅकमध्यें १६० अश्वशक्तीचें, आठ सिलिंडरांचें नवें इंजिन आलें होतें.

परीक्षण करावयाचें म्हणजे केवळ गाडींत बसून फिरून यावयाचें नव्हे. गाडीच्या स्वतःच्या वेगमापकावर विश्वास ठेवून चालत नाहीं, कारण तो पुष्कळदां वेग वाढवून दाखवितो. म्हणून परीक्षक गाडीच्या मागें सायकलीच्या चाकासारखें एक जादा चाक जोडीत. त्यास ‘पांचवें चाक’ म्हणत. त्याच्या फेऱ्यांवरून खरा वेग व खरें अंतर निघे. आंकडे वाचतांनाही सावध राहावें लागतें. ब्रिटिश नियतकालिकें अमेरिकन गाड्यांचेंही परीक्षण करीत. पण ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. तेव्हां जी गाडी अमेरिकन मासिकाच्या मतें गॅलनला १२ मैल जाते, तीच ब्रिटिश हिशेबानें १४.४ मैल जाते. गाडी तीच, पेट्रोलही तेंच, फक्त माप निराळें. हा हिशेब ज्यानें करून पाहिला नाहीं त्यास दोघांपैकीं एक परीक्षक खोटें बोलत आहे असें वाटेल.

आतां तीन गाड्यांचीं उदाहरणें पाहूं. पहिली पॅकार्ड. ही कंपनी १८९९ सालीं ओहायो राज्यांतील वॉरेन येथें सुरू झाली व १९०३ मध्यें डेट्रॉइटला गेली. एके काळीं अमेरिकेंतील श्रीमंतांची ही मानाची गाडी होती. १९५५ सालीं तिनें नेहमींच्या स्प्रिंगांऐवजीं पोलादाच्या लांब कांबी बसविल्या. अशी कांब पिळली म्हणजे ती पुन्हा मूळ स्थितीस येऊं पाहते. पुढचें चाक व त्याच बाजूचें मागचें चाक या कांबीनें एकमेकांस जोडलेलें असल्यामुळें, पुढील चाकास बसलेल्या धक्क्याचा जोर मागेंही वांटला जाई. मागें ओझें अधिक झाल्यास विजेची एक मोटर थोड्याच सेकंदांत गाडी समतल करी. खराब रस्त्यावर ही गाडी इतर गाड्यांहून किती शांत चालते, हें पाहून त्या काळच्या परीक्षकांनीं या रचनेची वाखाणणी केली, आणि ती यथार्थ होती. परंतु त्याच सुमारास गाड्यांचे सांगाडे बनवून देणारा ब्रिग्ज कारखाना क्रायस्लर कंपनीनें विकत घेतल्यामुळें पॅकार्डला सर्व जुळणी कॉनर अव्हेन्यूवरील अपुऱ्या जागेंत हलवावी लागली. तेथें कामाचा दर्जा घसरला, गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या, आणि जून १९५६ मध्यें डेट्रॉइटमधील पॅकार्डचें उत्पादन थांबलें. १९५८ नंतर तें नांवही उरलें नाहीं. परीक्षकांनीं रचना पाहिली, ती चांगलीच होती. कारखान्यांतील अडचण त्यांच्या हातांतील एका गाडीवरून त्यांस पूर्णपणें दिसणें शक्य नव्हतें.

दुसरें उदाहरण याहून बोधक आहे. १९५७ सालीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या सर्व गाड्यांचें रूप पालटलें. व्हर्जिल एक्सनर या कलावंतानें त्यांस ठेंगणें, लांबट व मागें उंच पंख असलेलें स्वरूप दिलें. पुढील चाकांस पिळाच्या कांबी बसविल्यामुळें त्या वळणावर घट्ट राहत. कंपनीची सर्वांत उंची गाडी म्हणजे इम्पीरियल; तिच्या बाजूच्या कांचा वक्र होत्या, व अमेरिकन गाड्यांत ही गोष्ट नवी होती. ‘मोटर ट्रेंड’नें त्या वर्षाचा मान क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांस दिला. इम्पीरियलचा त्या वर्षींचा खप ३७ हजारांहून अधिक झाला. इतका तिचा खप पूर्वीं झाला नव्हता व पुढेंही झाला नाहीं. परंतु ह्या गाड्या घाईनें बाजारांत आणलेल्या होत्या. दारांच्या फटींतून पाणी व धूळ आंत येई, आणि पत्र्यास लवकर गंज चढे. क्रायस्लरच्या नांवास याचा डाग पुष्कळ वर्षें लागून राहिला. पुढील वर्षीं इम्पीरियलचा खप निम्म्याहून खालीं गेला. १९५८ हें वर्ष सर्वच मोटारधंद्यास मंदीचें होतें, म्हणून सगळा दोष गंजाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. तरी दोषांचा त्यांत वांटा होताच.

मग परीक्षक खोटे बोलले काय? तसें म्हणतां येत नाहीं. वळणावरील स्थिरता, वेग, वेग घेण्याची शक्ति यांविषयीं त्यांनीं जें लिहिलें तें आजही खरें ठरतें. पण गंज चढावयास दोन पावसाळे व दोन हिंवाळे जावे लागतात, आणि परीक्षकाच्या हातीं गाडी असते चार-सहा दिवस. आजचा जाणता वाचक म्हणून परीक्षण वाचतांना दोन याद्या मनांत करतो: परीक्षकानें स्वतः पाहिलें काय, आणि तें पाहावयास त्यास वेळच मिळाला नाहीं असें काय. पहिल्या यादीवर तो विश्वास ठेवतो. दुसरीसाठीं दुसरा साक्षीदार शोधतो. असा साक्षीदार त्या काळींही होता. ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकानें १९५० नंतरच्या वर्षांत प्रत्यक्ष गाडी वापरणाऱ्या मालकांकडून माहिती मागवून ती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. परीक्षकाची चतुराई मालकांच्या अंगीं नसेल; पण गाडी रात्रंदिवस त्यांच्या दारांत उभी असे.

तिसरी गाडी १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल. आदल्या वर्षींच्या लिंकनहून ती सुमारें १५ इंचांनीं आंखूड होती. दिखाऊ पंख व झगमगाट काढून टाकून तिला साधें, सरळ रूप देण्यांत आलें होतें. मागील दारें उलट्या बाजूस उघडत. बंद टपाच्या गाडीची किंमत ६,०६७ डॉलर होती. प्रत्येक गाडी १२ मैल रस्त्यावर चालवून पाहिल्यावरच कारखान्याबाहेर जाई, आणि कंपनी दोन वर्षांची किंवा २४,००० मैलांची हमी देई. अशी हमी त्या काळीं इतर अमेरिकन कंपन्या देत नसत. परीक्षकांनीं तिच्या मजबुतीची व घडणीची स्तुती केली. त्याबरोबर, मागच्या आसनावर बसणारास पाय ठेवावयास जागा थोडी, आणि एवढ्या जड गाडीस ड्रमचे ब्रेक अपुरे, अशा तक्रारीही झाल्या. त्या खऱ्या होत्या कीं नव्हत्या? याचें उत्तर पुढील वर्षांच्या गाड्यांनीं दिलें. १९६४ मध्यें कंपनीनें चाकांमधील अंतर १२३ इंचांवरून १२६ इंच करून मागें जागा वाढविली, आणि १९६५ मध्यें पुढील चाकांस डिस्क ब्रेक दिले. तक्रार झाल्यानंतर निर्माता मुकाट्यानें वस्तु बदलतो, तेव्हां त्याची ती कृति परीक्षकाच्या बाजूची साक्ष होय. जुनीं परीक्षणें वर्षानुक्रमें एकापुढें एक ठेवून वाचण्यांत हाच फायदा आहे.

आंकड्यांविषयीं आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९७१ च्या कॅडिलॅक एल्डोराडोची शक्ति ३६५ अश्वशक्ति अशी लिहिलेली सांपडते, आणि १९७२ च्या त्याच गाडीची २३५. इंजिनाचा आकार मात्र तोच, ५०० घन इंच. एका वर्षांत १३० घोडे कोठें पळाले? कोठेंच नाहीं. पूर्वीं अमेरिकन कंपन्या इंजिन गाडीबाहेर मांडणीवर ठेवून, त्यास पंखा, वीज तयार करणारें यंत्र, धुराच्या नळ्या वगैरे शक्ति खाणाऱ्या गोष्टी न जोडतां तिची शक्ति मोजीत. १९७२ पासून हीं सर्व जोडून मोजलेला आंकडा देण्याची रीत पडली. जुनी परीक्षणें वाचणारा ही गोष्ट विसरला, तर तो जुन्या गाडीस फुकट मोठेपणा देईल व नव्या गाडीवर अन्याय करील. आंकडा पाहिला कीं तो कसा मोजला हें प्रथम विचारावें.

सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेंच आहे. या परीक्षणांत जें लिहिलेलें आहे त्याहून जें लिहिलेलें नाहीं तें कधीं कधीं अधिक बोलतें. १९५० ते १९६० या काळांतील कित्येक लेखांत वेग, शक्ति, रंग, गाद्या, डिकींतील जागा यांची वर्णनें भरपूर आहेत. परंतु गाडी आदळली तर आंतील मनुष्याचें काय होईल, हा प्रश्न क्वचितच विचारलेला दिसतो. सुकाणूचा दांडा छातींत घुसे, समोरील पत्र्याच्या धारदार कडांनीं चेहरे फाटत. १९६५ सालीं राल्फ नेडर यानें मोटारींच्या असुरक्षितपणावर ग्रंथ लिहिला. १९६६ मध्यें अमेरिकेंत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. आणि १९६८ पासूनच्या नव्या गाड्यांस आसनपट्टे असणें बंधनकारक झालें. त्यापूर्वीं हजारों लोक दरवर्षीं रस्त्यावर मरत होते, तरी चांगल्या मनाचे व हुशार परीक्षकही डिकीचीच मापें घेत राहिले. ते दुष्ट नव्हते. वाचक जें विचारीत नव्हते, तें त्यांनींही विचारलें नाहीं. आपल्या काळांतही असे न विचारलेले प्रश्न असणारच, आणि ते पन्नास वर्षांनीं आपल्या मासिकांच्या पानांत कोणास तरी स्पष्ट दिसतील.

परीक्षकाचा खर्च कोण सोसतो, हाही प्रश्न टाळतां येत नाहीं. बहुतेक मासिकें मोटारकंपन्यांच्या जाहिरातींवर चालत, व परीक्षणाची गाडीही कंपनीच देई. ती नीट तपासून, खिळे घट्ट करून दिलेली असे, यांत नवल नाहीं. याउलट १९३६ सालीं स्थापन झालेल्या ‘कन्झ्यूमर्स युनियन’ या संस्थेनें आपल्या मासिकांत जाहिराती न घेण्याचा व परीक्षणाच्या गाड्या सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणें स्वतः विकत घेण्याचा नेम ठेविला. तिचीं परीक्षणें रुक्ष वाटतात. त्यांत मकॅहिलच्या उपमांची गंमत नाहीं. तरीही शौकीन लोक दोन्हीं एकत्र वाचतात. एकांत त्यांस गाडी चालविण्याचा आनंद सांपडतो, दुसऱ्यांत ती बाळगण्याचा खर्च. एवढेंही सांगितलें पाहिजे कीं जाहिरातींवर चालणाऱ्या मासिकांतील प्रत्येक लेखक विकला गेलेला नव्हता, आणि स्वतंत्र संस्थेचें प्रत्येक मत अचूक नव्हतें. पैसा कोठून आला हें कळलें म्हणजे कोणत्या वाक्याजवळ थांबावें हें कळतें. तें वाक्य खरें कीं खोटें याचा निर्णय मात्र पुराव्यानेंच व्हावा लागतो.

या अमेरिकन गाड्यांचा आपल्या प्रांताशीं संबंध अगदींच नव्हता असें नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें डॉज व प्लिमथ गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठीं ड्यूसेनबर्ग या अमेरिकेंतील अति महाग गाडीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनीं खास सांगाडा चढविला होता. ती गाडी आजही जगांतील जाणत्यांस ठाऊक आहे. परंतु अमेरिकेंतील रुंद, सपाट रस्त्यांवर केलेलें परीक्षण मुंबईच्या गिऱ्हाइकास जसेंच्या तसें उपयोगी पडलें नसतें. खंडाळ्याचा घाट, पावसाळ्यांतील खड्डे व उन्हाळ्यांतील तापणारें इंजिन यांविषयीं त्या पानांत कांहींच नसे. साक्ष खरी असली तरी ती आपल्याच प्रश्नाची आहे कीं दुसऱ्याच्या, हें पाहणें वाचणाराकडे असतें.

बालवाचकहो, तुमच्यापैकीं फार थोड्यांच्या वांट्यास कॅडिलॅक किंवा लिंकन येईल. पण शिवणयंत्र, सायकल, औषध, शाळा, पुस्तक, इतकेंच नव्हे तर माणसें, यांविषयींचीं दुसऱ्यांचीं मतें तुम्हांस आयुष्यभर ऐकावीं लागणार आहेत, व त्यांवर पैसा आणि विश्वास खर्चावा लागणार आहे. तुमच्या वडीलधाऱ्यांस तें रोजच करावें लागतें. अशा वेळीं जुन्या मोटारींच्या शौकिनांचे प्रश्न उपयोगी पडतील: सांगणारानें स्वतः काय पाहिलें? किती दिवस पाहिलें? कोणत्या मापानें मोजलें? त्याचा खर्च कोणीं केला? आणि त्यास विचारावयाचें कोणतें राहून गेलें?

शिवाय ही गोष्ट उलटही लागू आहे. तुम्हीही केव्हां तरी दुसऱ्यास मत द्याल. मित्रास पुस्तक सुचवाल, शेजाऱ्यास दुकान सांगाल, पुढें कदाचित् एखाद्या कामाचा अहवाल लिहाल. तेव्हां जें पाहिलें तेवढेंच पाहिलें म्हणून सांगा, आणि जें पाहावयास मिळालें नाहीं तें निराळें ठेवा. १९५५ चे जे परीक्षक पॅकार्डच्या स्प्रिंगांविषयीं अगदीं खरें लिहून गेले, त्यांचे शब्द ती कंपनी बुडून इतकीं वर्षें लोटल्यावरही लोक विश्वासानें वाचतात. त्यांस कंपनीचें भविष्य सांगतां आलें नाहीं, म्हणून त्यांस कोणी हंसत नाहीं.